एअर नाईफ बसवताय? काट्यावरचा बार नको, जॉबवरचा वेग मोजा

सांगलीजवळच्या कुपवाड किंवा मिरज एमआयडीसीत मेंटेनन्सला नव्याने लागलेल्या मुलाकडे पहिल्या महिन्या-दोन महिन्यांत हे काम येतंच. वॉशिंग मशीनमधून आलेले जॉब (कारखान्यात घडवलेले भाग) पाणी उडवणाऱ्या एअर नाईफखालूनही ओलेच निघतायत, सुपरवायझर म्हणतो, "बघ रे, हवा कमी पडतेय वाटतं." मुलगा जातो, हवेचा दाब ठरवणाऱ्या रेग्युलेटरची टोपी वर ओढतो, दोन आटे फिरवतो आणि काटा चारवरून सहावर नेतो. आवाज वाढतो. सगळ्यांना वाटतं, काम झालं. संध्याकाळी पॅकिंगवाला पुन्हा ओले जॉब घेऊन दारात उभा असतो.

मीही सुरुवातीला हेच करायचो. म्हणून हा लेख आयटीआय किंवा डिप्लोमा करून नुकत्याच कामाला लागलेल्या, एअर नाईफ पहिल्यांदाच हाताळणाऱ्या मुलामुलींसाठी आहे. माझं म्हणणं एकच आहे: पाणी उडवतो तो हवेचा वेग, आणि तो जॉबच्या पृष्ठभागावर किती उरला हे महत्त्वाचं. रेग्युलेटरच्या काट्यावर तो दिसत नाही. तो मोजावा लागतो, आणि शे-दोनशे रुपयांच्या सामानात मोजता येतो.

आधी फटीत काय होतं ते समजून घ्या

एअर नाईफ म्हणजे एक लांबट पोकळ पट्टी. तिला एका कडेला अगदी बारीक फट असते. कॉम्प्रेस्ड हवेवर चालणाऱ्या नाईफमध्ये ही फट साधारण ०.०५ मिमी असते, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षाही बारीक किंवा फार तर केसाएवढी. दोन भागांच्या मध्ये तेवढ्या जाडीची शिम, म्हणजे पातळ पत्र्याची पट्टी, घालून ती राखलेली असते. बऱ्याच नाईफमध्ये फटीतून निघालेली हवा शेजारच्या गोलसर पृष्ठभागाला चिकटून वळते. या गुणाला रुमानियन इंजिनिअर आंरी कोआंडा यांच्या नावाने कोआंडा परिणाम म्हणतात. वळताना आणि पुढे जाताना हा पातळ झोत आजूबाजूची साधी हवा स्वतःबरोबर ओढून घेतो. त्यामुळे जॉबवर येते ती हवा कॉम्प्रेसरने दिलेल्या हवेच्या कित्येक पट असते. उत्पादक तीस-चाळीस पटीचा आकडा देतात.

आता नव्या माणसाला चकवणारी गोष्ट. आतला निरपेक्ष दाब (गेजवरचा दाब अधिक बाहेरच्या हवेचा दाब) बाहेरच्या दाबाच्या साधारण १.८९ पट झाला, की फटीतला वेग ध्वनीच्या वेगाला टेकतो आणि तिथेच अडतो. सांगली समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंच आहे, इथला हवेचा दाब ०.९५ बारच्या आसपास. म्हणजे गेजवर एक बार दिसायच्या आतच फट 'चोक' होते. त्यापुढे तुम्ही तीन बार द्या की सहा, त्या बारीक फटीत हवा तेवढ्याच वेगाने धावते, सेकंदाला तीनशेहून थोडे जास्त मीटर.

मग दाब वाढवून काय मिळतं? जास्त हवा मिळते. झोत भारी होतो आणि थोड्या अंतरावर गेल्यावरही त्याच्यात जास्त वेग शिल्लक राहतो. फायदा नाही असं नाही, पण त्याची किंमत पाहा. नाईफ खाते ती हवा निरपेक्ष दाबाच्या प्रमाणात वाढते, आणि जॉबवरचा वेग साधारण त्या दाबाच्या वर्गमुळाने. गेज चारवरून सहा बारवर नेला तर हवा ४० टक्के जास्त लागते आणि वेग वाढतो जेमतेम १८-२० टक्के.

अंतराचंही असंच वर्गमूळ आहे, फक्त आपल्या बाजूने. सपाट पातळ झोताचा मधला वेग अंतराच्या वर्गमुळाने घटतो. अंतर दुप्पट केलं की वेग ७० टक्क्यांवर येतो, चौपट केलं की निम्मा. म्हणजे तोच २० टक्के जास्त वेग नाईफ १५० मिमीवरून १०५ मिमीवर खाली आणून मिळतो, आणि कॉम्प्रेसरला पत्ताही लागत नाही. दोन बोल्ट सैल करायचे, ब्रॅकेट सरकवायचं, पुन्हा आवळायचं. रेग्युलेटरला हात लावण्याआधी हे करून बघा, एवढं तरी लक्षात ठेवा.

कुपवाडमधल्या एका शेडमधली गोष्ट

पावसाळ्याचे दिवस होते. एका कारखान्यात पंपाच्या ओतीव भागांचं मशीनिंग व्हायचं, मग वॉशिंग, मग ३०० मिमी लांबीच्या नाईफखालून जॉब पुढे आणि गंजरोधक तेल लावून पॅकिंग. तेलाखाली पाणी राहायचं आणि चार दिवसांत मशीन केलेल्या फेसवर तांबूस ठिपके यायचे. रेग्युलेटर आधीच साडेपाच बारवर होता. कुणीतरी तो साडेसहावर नेला, आणि शेजारच्या सीएनसीवर हवेचा दाब कमी झाल्याचा अलार्म वाजायला लागला. नवा कॉम्प्रेसर घ्यायची बोलणी सुरू झाली होती.

मी गेलो तेव्हा कन्व्हेअरवरचे मामा म्हणाले, "हवा लई हाय साहेब, पन पाणी हालतच न्हाई." त्यांचं म्हणणं अगदी बरोबर होतं. वाकून पाहिलं तर नाईफचा झोत सरळ उभा खाली पडत होता. जॉबवरचं पाणी दोन्हीकडे दबायचं, झोत पुढे गेला की पुन्हा एकत्र यायचं. नाईफ जॉबपासून २५० मिमी वर होती, कारण कधीकाळी एक उंच जॉब तिथून जायचा. आणि रेग्युलेटरपासून नाईफपर्यंत नऊ-दहा मीटर ८ मिमीचा निळा पीयू (पॉलियुरेथेन) पाइप, वाटेत तीन पुश फिटिंग.

नाईफच्या तोंडाशी टी (तीन तोंडांचं फिटिंग) लावून गेज बसवला. तिथे फक्त २.८ बार होता. उरलेला सगळा दाब त्या बारीक पाइपातल्या घर्षणात जात होता. जॉबच्या जागी वेग मोजला तर सेकंदाला ३४ मीटर.

आम्ही पाइप पाऊण इंचाचा केला. नाईफ १०० मिमीवर आणली. जॉब येतात त्या दिशेकडे तोंड करून ती तिरपी केली, कन्व्हेअरशी साधारण ३० अंशांत झोत पडेल अशी. आणि रेग्युलेटर एवढा खाली आणला, की नाईफशी पुन्हा तेच २.८ बार राहतील. हवा आधीएवढीच लागत होती, पण जॉबवरचा वेग ५६ मीटरवर गेला. झोत आता पाण्याची कड पकडून जॉबच्या मागच्या टोकाकडे ढकलत नेत होता आणि शेवटी थेंबांची माळ मागच्या ट्रेमध्ये पडत होती. मामा ते बघत उभे राहिले, बोलले काही नाहीत, फक्त फडकं खांद्यावर टाकून दुसऱ्या कामाला लागले. त्या दिवसापर्यंत ते प्रत्येक जॉब हाताने पुसत होते.

वेग मोजायचं साधन: गवंड्याचा लेव्हल पाइप

तुमच्याकडे पंख्याचा अॅनिमोमीटर (वाऱ्याचा वेग मोजायचं यंत्र) असेल, तर तो इथे वापरू नका. त्याची झेप बहुधा ३० मीटरपर्यंतच असते. शिवाय त्याचा पंखा ७० मिमी किंवा अधिक व्यासाचा आणि झोत १०० मिमी अंतरावर जेमतेम दोन-अडीच सेंटिमीटर जाड. पंख्याच्या बऱ्याचशा भागावर झोत पडतच नाही आणि आकडा फसवा येतो.

त्याऐवजी हे करा. हार्डवेअरच्या दुकानातून दोन-अडीच मीटर पारदर्शक लेव्हल पाइप आणा, गवंडी वापरतात तोच. प्लायवूडच्या उभ्या फळीवर तो इंग्रजी यू अक्षरासारखा बसवा, दोन्ही उभे भाग किमान ६० सेंटिमीटर उंच ठेवा. मध्ये स्टीलची पट्टी चिकटवा. निम्म्यापर्यंत पाणी भरा, त्यात लाल शाईचे दोन थेंब टाका म्हणजे पातळी लांबून दिसते. पाण्यात हवेचा बुडबुडा अडकला असेल तर पाइपला टिचक्या मारून काढून टाका. एका टोकाला ३ मिमीची तांब्याची नळी जोडा, रेफ्रिजरेशनवाल्यांकडे तुकडा मिळतो. तिचं टोक काटकोनात छाटून कानसीने साफ करा. दुसरं टोक उघडं ठेवा, पण फळी झोतापासून दूर असू द्या.

आता जॉबचा पृष्ठभाग जिथे येतो, नेमकं तिथे तांब्याच्या नळीचं तोंड झोताच्या समोर धरा. नळी स्टँडला किंवा मॅग्नेटिक बेसला बांधा, हातात धरू नका. हळूहळू वर-खाली सरकवा, पाणी जिथे सर्वांत जास्त हलेल तो झोताचा मध्य. दोन्ही पातळ्यांमधला फरक मिलिमीटरमध्ये वाचा.

त्याचं वर्गमूळ काढून ४.२ ने गुणा. आला सेकंदाला मीटरमध्ये वेग.

पुस्तकात ४.०४ हा आकडा मिळेल. तो समुद्रसपाटीच्या २० अंशांच्या हवेचा आहे. आपल्याकडची हवा उंचीमुळे आणि उष्णतेमुळे थोडी हलकी, म्हणून ४.२. फरक १०० मिमी असेल तर वेग ४२ मीटर, २०० मिमी असेल तर ५९, ४०० मिमी असेल तर ८४. वरच्या गोष्टीतला ५६ चा आकडा १८० मिमीच्या फरकावरून आला होता.

इथे एक चूक जवळजवळ प्रत्येक जण करतो. एका बाजूचं पाणी ९० मिमी वर चढलं, की तोच आकडा घेतो. दुसऱ्या बाजूला ते ९० मिमी खाली गेलेलं असतं, फरक १८० असतो. निम्मा आकडा घेतलात तर वेग ५६ ऐवजी ४० दिसेल आणि तुम्ही उगाच दाब वाढवत बसाल.

एका जागी मोजून थांबू नका. नाईफच्या लांबीवर दर ५० मिमीला एक वाचन घ्या आणि वहीत लिहा. एकाच ठिकाणी वेग पडला असेल तर तिथे फटीत कचरा आहे. हवा शिरते त्याच्या विरुद्ध टोकाला कमी पडत असेल, तर लांब नाईफला दोन्ही टोकांनी हवा द्या. अर्ध्या मीटरपेक्षा लांब नाईफला मी पहिल्यापासूनच दोन्हीकडून जोडणी देतो. मध्येच कमी-जास्त होत असेल तर शिम चुरगळली आहे किंवा बोल्ट सारखे आवळलेले नाहीत. रोजच्या झटपट तपासणीला पतंगाच्या कागदाची पट्टी पुरते. ती झोतात धरून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे न्या, जिथे फडफड मंदावेल तिथे खूण करा.

बसवताना कोणता क्रम धरायचा

आधी हवा. कारण हवेत पाणी असेल तर पुढचं सगळं फुकट. सांगलीच्या जुलै-ऑगस्टमध्ये कॉम्प्रेसर बाहेरची दमट हवा दाबतो, त्यातलं पाणी रिसीव्हरमध्ये (हवेच्या टाकीत) आणि पाइपांत सुटतं. रिसीव्हरचा ड्रेन कॉक पावसाळ्यात प्रत्येक शिफ्टला उघडा, ड्रायर चालू आहे का पाहा, आणि नाईफच्या आधी फिल्टर लावा. ०.०५ मिमीच्या फटीला जुन्या जीआय पाइपातला गंजाचा एक कण पुरतो. नवी लाइन जोडली असेल, तर नाईफ लावण्याआधी पाइपाचं तोंड सुरक्षित जागी वळवून हवेने लाइन स्वच्छ करून घ्या. टेफलॉन टेपचे तुकडे हा नव्या फिटिंगमधला नेहमीचा अपराधी. आट्याचं पहिलं वळण सोडून टेप गुंडाळा.

मग अंतर आणि कोन. अंतर ७५ ते १५० मिमीत सुरू करा, जॉब आपटणार नाही एवढं जवळ. झोताचं तोंड येणाऱ्या जॉबकडे, कन्व्हेअरशी ३० अंश हा चांगला आरंभ आहे, तिथून पाच-पाच अंशांनी हलवून पाहा. उडालेलं पाणी कुठे जाणार हे आधी ठरवा. मी एकदा नाईफ उत्तम बसवली आणि पाणी शेजारच्या कोरड्या जॉबवर उडत राहिलं, कारण पत्र्याची आड घालायचं राहून गेलं होतं.

दाब सर्वांत शेवटी. नाईफशी दोन बारपासून सुरू करा आणि जॉब कोरडा निघेपर्यंत अर्ध्या-अर्ध्या बारने चढवा. कोरडा निघाला की थांबा आणि रेग्युलेटर लॉक करा. तेव्हाचा पाण्याचा फरक वहीत लिहा. पुढे तक्रार आली की काट्याऐवजी आधी हा आकडा पुन्हा मोजायचा.

एवढं करूनही वेग कमी पडला, तर शिम जाड करता येते. पण फट दुप्पट म्हणजे हवा जवळपास दुप्पट, हे समजून करा. शिम बदलताना लाइनचा व्हॉल्व्ह बंद करून कुलूप लावा, उरलेली हवा सोडून द्या, मगच अॅलन की हातात घ्या. फट साफ करायला ब्लेड किंवा कानस घालू नका, एक ओरखडा आला की तिथला झोत कायमचा फाटतो. बोल्ट मधून कडांकडे, थोडे थोडे आवळत जा.

बंद भोकं आणि उरलेली ओल

नाईफ पाणी ढकलते, वाळवत नाही. आरपार नसलेल्या आट्याच्या भोकात साचलेलं पाणी वरून जाणाऱ्या झोताने निघत नाही, वेग कितीही वाढवा. त्या भोकांसाठी वेगळा छोटा नॉझल भोकाच्या एका कडेवर रोखून लावा, म्हणजे हवा एका बाजूने आत जाऊन दुसऱ्या बाजूने पाणी घेऊन बाहेर येईल. जमत असेल तर जॉब भोकं खाली करून ठेवा. आणि धुण्याचं पाणी साधारण ६० अंशांवर ठेवता आलं तर उत्तम. गरम ओतीव जॉबवर नाईफनंतर राहिलेली पातळ ओल त्याच्या स्वतःच्या उष्णतेने मिनिटभरात जाते.

खर्चाचा अंदाज

साडेपाच बारला ३०० मिमीची, ०.०५ मिमी फटीची नाईफ मिनिटाला साधारण ३५ घनफूट हवा खाते. सात बारचा कॉम्प्रेसर एका एचपीत साधारण चार घनफूट देतो. म्हणजे ही एवढीशी पट्टी नऊ एचपी खाते. तीच २.८ बारवर चालवली तर २० घनफूट, पाच एचपी. तुमच्या बिलावरचा युनिटचा दर आणि शिफ्टचे तास घालून गुणाकार एकदा स्वतः करा, आकडा मालकांपुढे ठेवण्यासारखा येतो.

त्याहून मोठी बचत सेन्सर आणि सोलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेवर उघडबंद होणारा) लावून होते. बहुतेक लाइनवर दोन जॉबमधली मोकळी जागा जॉबपेक्षा लांब असते आणि नाईफ मात्र अखंड सुरू असते. जॉब यायच्या किंचित आधी सुरू आणि गेल्यावर बंद, एवढ्यानेच कित्येकदा हवा निम्म्यावर येते. व्हॉल्व्ह नाईफच्या जवळ बसवा, नाहीतर पाइप भरेपर्यंत जॉब निघून जातो.

आणि जिथे दिवसभर अखंड, रुंद पट्ट्यावर हवा हवी, तिथे कॉम्प्रेस्ड हवेचा नाद सोडून ब्लोअरवरची नाईफ घ्या. तासगाव-सांगली भागात बेदाणा धुऊन प्रतवारी करणारी युनिटं आहेत, तिथे मी हेच सुचवतो. ब्लोअर नाईफची फट एक-दोन मिमी असते, दाब ०.१ ते ०.२ बार. झोत जाड असल्याने त्याचा वेग अंतराबरोबर हळू घटतो आणि ब्लोअरमधून हवा पंधरा-वीस अंश गरम होऊन येते, ती बेदाण्याला फायद्याचीच. कॉम्प्रेसरचं तेल अन्नावर जायची भीतीही नाही, फक्त ब्लोअरच्या तोंडाला चांगला फिल्टर हवा. बेदाणा हलका असतो, म्हणून तिथे उलटी अडचण येते, वेग जास्त झाला की माल पट्ट्यावरून उडतो. जाळीचा पट्टा ठेवा, झोत पसरट कोनात द्या आणि वेग कमीपासून वर न्या.

कान आणि कातडी

झोताचा आवाज वेगाच्या साधारण आठव्या घाताने वाढतो. ब्रिटिश गणितज्ञ जेम्स लाइटहिल यांनी १९५२ साली हे गणित मांडलं. त्या हिशोबाने वेग २० टक्के कमी झाला की आवाज सात-आठ डेसिबलने उतरतो, आणि कानाला तो फरक लगेच कळतो. आपल्याकडे आठ तासांच्या शिफ्टला ९० डेसिबलची मर्यादा धरतात. नाईफशेजारी उभं राहून बोलायला ओरडावं लागत असेल तर इअरप्लग द्याच, पण आधी दाब खरंच एवढा लागतो का ते तपासा.

झोत तळहाताने कधीही तपासू नका. जवळून येणारी हवा कातडीखाली शिरू शकते, आणि तिच्याबरोबर आलेला धातूचा कण डोळ्यात गेला तर डोळा कायमचा जाऊ शकतो. गॉगल घातल्याशिवाय नाईफसमोर वाकू नका. शिफ्ट संपल्यावर अंगावरची धूळ उडवायला कुणी हवेचा पाइप घेतला, तर तो वयाने मोठा असला तरी "दादा, नको" म्हणून हात धरा. मी एका हेल्परचा सुजलेला डोळा घेऊन रात्री मिरजेच्या दवाखान्यात बसलो आहे. त्याच्या बायकोला फोन मीच केला होता.